सोळाव्या वर्षाची गरज, अठराव्या वर्षाची गाडी

दहावीचा निकाल लागला की शहापूर-मुरबाड तालुक्यांतल्या घराघरांत एक विषय निघतो. अकरावीला कोणती शाखा घ्यायची हा तो विषय नव्हे. कॉलेजला जायचे कसे, हा. पुष्कळ गावांतली शाळा दहावीला संपते. पुढे शहापूरचे सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय, मुरबाड तालुक्यात शिवळ्याचे शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय, नाही तर कसारा लोकल पकडून कल्याण-उल्हासनगर. तानसा-अघईकडच्या पाड्यावरच्या मुलाला आधी आटगाव गाठावे लागते, डोळखांब-किन्हवलीच्या मुलीला शहापूर, टोकावडे-धसईच्या पोरांना मुरबाड. सकाळची एसटी मिळते. परतीची चुकली की जीप भरेपर्यंत नाक्यावर उभे राहायचे, आणि पावसाळ्यात अंधार लवकर पडतो. मग मुलगा म्हणतो, गाडी घ्या. बाप म्हणतो, दसऱ्याला बघू. आई काहीच बोलत नाही, कारण शेजारच्या पाड्यावरचा कुणी तरी महामार्गावर गेलेला तिला आठवत असतो.

या भागात पहिली गाडी हौसेपोटी येते असे शहरातल्यांना वाटते. तसे नाही. ती एसटीच्या वेळापत्रकातून, भिवंडीच्या गोदामातल्या रात्रपाळीतून, मुरबाडच्या एमआयडीसीत मिळालेल्या कंत्राटी कामातून येते. उन्हाळ्यात तर ती पाणीही आणते. तानसाचे धरण १८९२ साली पूर्ण झाले तेव्हापासून हा मुलूख मुंबईला पाणी पाजतो आहे. भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा ही नावे मुंबईकरांना पाणीकपातीच्या बातम्यांतून पाठ झाली आहेत. त्याच धरणांच्या आसपासच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहिली जाते आणि ज्याच्याकडे दुचाकी आहे तो मागे दोन्ही बाजूंना कॅन बांधून लांबच्या विहिरीवर जातो. तेव्हा गाडी नकोच, असे सांगणारा लेख इथे कुणी वाचणार नाही, आणि वाचूही नये. माझे म्हणणे वेगळे आहे. गरज खरी असते, पण दुकानात पाऊल टाकताच निवड मात्र जाहिरात करते. पहिली गाडी मुलाच्या रोजच्या रस्त्याकडे पाहून निवडली पाहिजे, आणि तो रस्ता आईबापांनी त्याच्या वेळेला एकदा तरी स्वतः जाऊन पाहिलेला असला पाहिजे.

पण त्याआधी वयाचे बोलू, कारण खरी कोंडी तिथे आहे. गरज सोळाव्या वर्षी उभी राहते आणि कायदा अठरावे सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सोळा ते अठरा वयाला एक खिडकी ठेवली होती: ५० सीसीपर्यंतचे इंजिन असलेली दुचाकी, पालकांच्या लेखी संमतीने. तो काळ लुनाचा होता. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ साली आणलेली ही ५० सीसीची गाडी शिक्षक, पोस्टमन, ग्रामसेवक, दूधवाले यांनी गावोगाव फिरवली. पोरांचे पहिले धडेही तिच्यावरच झाले. पायडल मारून सुरू व्हायची, फार पळायची नाही, पडली तर एकट्याला उचलता यायची. पुढे चार-स्ट्रोक शंभर सीसीच्या मोटारसायकली आल्या, धुराचे नियम कडक झाले आणि ५० सीसीची पेट्रोलगाडी बाजारातून जवळजवळ नाहीशीच झाली. खिडकी कायद्यात अजून आहे, तिच्यातून जाईल अशी गाडी उरलेली नाही. २०२४ मध्ये लुना परत आली ती विजेवर चालणारी होऊन.

मग बहुतेक घरांत काय होते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पंधरा-सोळाचा मुलगा बापाची मोटारसायकल काढतो. सुरुवातीला गिरणीत दळण घेऊन, मग नाक्यापर्यंत, मग कॉलेजला. आडरस्त्याला पोलीस नसतात. महामार्ग आला की पोर मधल्या वाटेने जाते. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अशा वेळी दोष पालकाचा किंवा गाडीच्या मालकाचा धरला आहे. अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. शेवटची शिक्षा या तालुक्यांतल्या मुलाला सगळ्यात जड जाते. भिवंडीच्या गोदामांच्या पट्ट्यात टेम्पो-पिकअपचा चालक होणे हे इथल्या असंख्य मुलांचे पहिले ठरलेले काम असते. मालवाहू गाडीसाठी कायद्याने वीस वर्षे पूर्ण लागतात. परवाना पंचविशीपर्यंत अडला तर कमाईची पाच वर्षे गेली.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांना उडवले. बाल न्याय मंडळाने त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, राज्यभर संताप उसळला, वडिलांना अटक झाली. त्या वेळी गावागावांतल्या पारांवरही बड्या बापाच्या पोराची चर्चा होती. त्याच पारासमोरून विनापरवाना, तिघे बसून जाणाऱ्या आपल्याच पोरांविषयी ती चर्चा झाली नाही, याचे मला फार वाईट वाटते. गाडी कोटीची असो की जुनी पंधरा हजारांची, समोरच्या माणसाला लागायचे ते लागतेच.

विम्याचे गणित तर अनेकांना माहीतच नसते. विनापरवाना मुलाच्या हातून कुणी जखमी झाले किंवा गेले, तर न्यायाधिकरण कित्येकदा विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावते आणि तीच रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देते. म्हणजे बापाच्या नावावरची गाडी आणि बापाच्या नावावरची भातजमीन एकाच कागदावर येऊन उभ्या राहतात.

सोळा ते अठरा ही दोन वर्षे काढायची कशी? सायकलीचे नाव काढले की मुले नाक मुरडतात, आणि चढाच्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर सायकल मारून कुणी कॉलेज करावे असे मीही म्हणणार नाही. पण पाड्यापासून एसटीच्या थांब्यापर्यंतचे तीन-चार किलोमीटर हा खरा अडथळा असतो आणि तो सायकलीने सुटतो. बिहारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली आणि मुलगा-मुलगीतली दरी ४० टक्क्यांनी घटलेली दिसली. परिणाम सगळ्यात जास्त कुठे? ज्यांची शाळा लांब होती त्या गावांत. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात, बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत असतो. पास खिशात असून बस येत नसेल तर मात्र त्या पासाचा उपयोग काय? नोव्हेंबर २०२१ पासून पुढे कित्येक महिने एसटीचा संप चालला, तेव्हा एकच गाडी येणाऱ्या गावांचे काय हाल होतात ते सगळ्यांनी पाहिले. ग्रामसभेने पाचनंतरच्या एका फेरीसाठी आगारप्रमुखाकडे ठराव पाठवणे हे रस्ता सुरक्षेचेच काम आहे, असे मी मानतो.

विजेवरच्या छोट्या स्कूटरचा एक मार्ग आहे. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे न जाणारी हलकी गाडी कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहनच नाही. तिला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही. थांब्यापर्यंत जायला ती चांगली. मात्र दोघे बसून घाट चढायला ती नव्हे, आणि महामार्गावर तर अजिबात नव्हे, कारण मागून येणाऱ्या कंटेनरपुढे २५ चा वेग म्हणजे जवळपास उभे राहणे. विक्रेता जर वेग वाढवून देतो म्हणाला तर तिथून निघावे. वेग वाढवला की ती मोटार वाहन होते, आणि मुलगा विनापरवाना ठरतो.

आता अठरा पूर्ण झाली, शिकाऊ परवान्याचा अर्ज झाला. शिकाऊ परवान्याची परीक्षा आता घरबसल्या ऑनलाइन देता येते. ती मुलाने स्वतः द्यावी, सायबर कॅफेवाल्याने नव्हे. पक्क्या परवान्याला त्यानंतर किमान तीस दिवस थांबावे लागते. हे तीस दिवस 'एल'ची पाटी लावून शिकण्याचे आहेत, मागे मित्र बसवण्याचे नाहीत.

आणि गाडी? मुरबाडजवळ म्हशाला पौष पौर्णिमेला यात्रा भरते, तिथला बैलबाजार सगळ्या ठाणे जिल्ह्याला माहीत आहे. बैल घेणारा शेतकरी तिथे काय करतो, ते आठवावे. जनावर दोन दाती आहे की जुळलेले, ते तोंड उघडून पाहतो. खांदा चाचपतो, खूर बघतो, चालवून बघतो, आपल्या दुसऱ्या बैलाशी उंची जुळते का ते ताडतो, आणि आपली जमीन डोळ्यांपुढे ठेवून, हे चिखलणीला टिकेल का, असे मनात म्हणतो. रंगाला तो भुलत नाही. तोच शेतकरी मुलाला घेऊन शोरूममध्ये गेला की गप्प बसतो, कारण तिथे मुलाला जास्त कळते असे त्याला वाटते. इंजिनाचे आकडे मुलाला कळत असतील. आपला रस्ता बापाला जास्त कळतो.

या भागातले रस्ते एकसारखे नाहीत. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही गावे मुंबई-नाशिक महामार्गाला आणि रेल्वेला एकाच वेळी चिकटून आहेत. तिथे स्थानकापर्यंतचे दोन किलोमीटरसुद्धा कंटेनर आणि ट्रेलरच्या शेजारून काढावे लागतात, आणि वळसा वाचवायला उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या हे रोजचे दृश्य आहे. तानसा अभयारण्यातून जाणारा रस्ता अगदी निराळा: वाहने कमी, दिवे नाहीत, वळणावर गुरे बसलेली, पावसाळ्यात कडेची लाल माती डांबरावर आलेली. मुरबाडहून पुढे गेले की माळशेजचे धुके आणि दरडी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच गेला आहे, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. ज्या गावांची जमीन त्याखाली गेली तिथल्या मुलांना जुनाच रस्ता उरला.

अशा रस्त्यांवर नवख्या मुलाला काय हवे? आधी दोन्ही पाय पूर्ण टेकतील इतकी उंची. मग पडल्यावर एकट्याने उचलता येईल इतके वजन. स्प्लेंडरसारखी शंभर सीसीची मोटारसायकल साधारण ११२ किलो भरते आणि सुमारे आठ अश्वशक्तीची असते. दोनशे सीसीच्या स्पोर्ट्स गाडीत चोवीस-पंचवीस अश्वशक्ती असते, वजन दीडशे किलोच्या आसपास किंवा पुढे. ही तिप्पट ताकद आटगाव ते अघईच्या रस्त्यावर कुठे वापरायची, ते मला कुणी दाखवून द्यावे. ताशी ४० च्या वेगात गाडी एका सेकंदात अकरा मीटर जाते, ८० च्या वेगात बावीस. म्हैस दिसल्यापासून ब्रेकवर बोट जाईपर्यंतचा तो सेकंद असतो. त्यानंतर थांबायला लागणारे अंतर दुप्पट वेगात दुप्पट होत नाही, चौपट होते.

टीव्हीएसची एक्सएल दिसायला साधी म्हणून मुलांना नकोशी वाटते. पण नव्वद किलोच्या आतली, चार अश्वशक्तीच्या थोडी वरची, मोठ्या चाकांची आणि पुढे पोते किंवा पाण्याचा कॅन ठेवायला जागा असलेली ही गाडी पाड्यावरच्या घराला जितकी उपयोगी पडते तितकी दुसरी कुठली पडत नसेल. स्कूटर शहापूर बाजारात, मुरबाड गावात छान. तिला गिअर नाही, साडीवर, पंजाबी ड्रेसवर चालवता येते. पण तिची चाके लहान. अ‍ॅक्टिव्हाचे पुढचे चाक बारा इंची आणि मागचे दहा, स्प्लेंडरची अठरा. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही, तेव्हा लहान चाक त्यात बसते आणि मोठे चाक त्यावरून निघून जाते.

ब्रेक हा माझ्या मते किमतीहून मोठा मुद्दा आहे. नवशिका घाबरला की पाय दाबतो, म्हणजे मागचा ब्रेक, आणि ओल्या मातीवर मागचे चाक घसरते. गाडी थांबवण्याचे मोठे काम खरे तर पुढचा ब्रेक करतो. १ एप्रिल २०१९ पासून विकायच्या १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकीला किमान कॉम्बी ब्रेक सक्तीचा झाला, म्हणजे मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. १२५ च्या वरच्या गाडीला एबीएस. जुनी गाडी घेणाऱ्याने ही तारीख लक्षात ठेवावी. २०१५ ची आणि २०२० ची गाडी यांत दहा-बारा हजारांचा फरक असेल, तर ते पैसे ब्रेकचे आहेत.

इथल्या बहुतेक पहिल्या गाड्या जुन्याच असतात आणि त्यात काही कमीपणा नाही. मुलगा शिकताना एकदा-दोनदा पाडणारच; नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा जुनीवर पडलेला ओरखडा परवडतो. फक्त कागद नीट पाहावेत. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर वित्त कंपनीचे नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे मोजू नयेत. हप्ते थकलेली गाडी ओळखीच्या माणसाकडून स्वस्तात मिळते आणि सहा महिन्यांनी वसुलीवाले ती उचलून नेतात. ई-चलनाचा थकलेला दंड गाडीबरोबर येतो, तो आधी ऑनलाइन बघता येतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा त्रयस्थ विमा सक्तीचा आहे. म्हणजे २०१९ ची गाडी घेतली तर तो विमा २०२४ मध्ये संपलेला असणार, आणि विकणारा ते आपणहून सांगत नाही. गाडी तपासायला गावातला मेकॅनिक सोबत न्यावा. चेसिस वाकलेले आहे का, पुढचा काटा गळतो आहे का, टायरची नक्षी उरली आहे का, आणि रात्रीच्या अंधारात दिव्याचा झोत नेमका कुठे पडतो, हे त्याला कळते. दिवा सकाळी तपासून उपयोग नाही.

गाडी कुणाच्या नावावर? बहुतेक घरांत बापाच्या. पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण विम्यात असते ते मालक-चालकाला, म्हणजे आरसीवर नाव असलेल्या आणि परवाना असलेल्या माणसाला. रोज चालवणारा मुलगा असेल आणि गाडी बापाच्या नावावर असेल, तर मुलाला ते संरक्षण मिळत नाही. मुलगा अठराचा झाला, परवाना हातात आला, की गाडी त्याच्याच नावावर करावी. आरसीवर आपले नाव पाहिले की चलनही आपल्याच नावाने येते, हेही त्याला कळते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. शंभर सीसीच्या गाडीमागे काही हजार रुपये वाचतात. त्या पैशांत सीट कव्हर, आवाजाचा सायलेन्सर आणि रंगीत दिवे येतात, आणि दोन आयएसआय शिक्क्याची हेल्मेटेही येतात. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, महाराष्ट्रात १५,२२४. देशातल्या मृतांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते आणि पन्नास हजारांहून अधिक जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असे दिसले. नियमानुसार नवी दुचाकी विकताना हेल्मेट द्यावेच लागते, ते मागून घ्यावे. रस्त्याकडेच्या ढिगातले दोनशे रुपयांचे घेऊ नये. जून २०२१ पासून शिक्क्याशिवायचे हेल्मेट विकणेच बेकायदा आहे. आणि ते मापाचे असावे. पट्टा लावून डोके हलवले तर हेल्मेट डोक्याबरोबर हलले पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये.

न्यूझीलंडने १९८७ साली नव्या चालकांना परवाना टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या टप्प्यांत रात्री उशिरा एकट्याने चालवायचे नाही, सोबत मित्र घ्यायचे नाहीत. पुढे कितीतरी देशांनी ती रीत उचलली आणि नवख्या मुलांचे अपघात कमी झाले. आपल्या कायद्यात असे टप्पे नाहीत, पण घरात ठेवायला कोण अडवते? पहिले सहा महिने अंधार पडल्यावर गाडी काढायची नाही. मागे कुणाला बसवायचे नाही, लग्नाच्या हळदीला तर नाहीच. पहिला पावसाळा महामार्गाला लागायचे नाही. पाण्याचे कॅन भरून चालवणे हा वेगळा धडा आहे. वजन मागे गेले की पुढचे चाक हलके होते आणि गाडी वळत नाही, तेव्हा तो धडा रिकाम्या गाडीवर हात बसल्यावर, दिवसा, मोठ्या माणसाने शेजारी उभे राहून द्यावा. बापाने स्वतः हेल्मेट न घालता हे नियम सांगितले तर मुलगा ऐकणार नाही, हे इथेच सांगून टाकतो.

एक गोष्ट मला या सगळ्यात सलते. घरात गाडी येते ती मुलासाठी. मुलगी मागे बसते, किंवा नाक्यावर भावाची वाट पाहते, आणि भाऊ कामाला लागला की तिचे कॉलेज बारावीलाच संपते. एकच गाडी परवडत असेल तर दोघांनाही शिकवावी, दोघांचेही परवाने एकाच खेपेला काढावेत. मग निवडही बदलते. बहुतेक घरांत भावाला जी उंची चालते ती बहिणीला जड जाते, पण बहिणीचे दोन्ही पाय टेकले तर भावाचे टेकतातच. म्हणून दुकानात गेल्यावर सीटवर आधी तिला बसवून पाहावे.